शेतकऱ्यांची यादी दोनदा का दिसते? सिंक फोल्डरमधला 'ऱ्या'चा घोळ

मे महिन्याच्या शेवटी वादळाने रावेर पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सावद्याच्या आमच्या केळी संकलन केंद्रातून तिथलं काम बघणाऱ्या नानांचा फोन आला. पंचनाम्याला लागणारे फोटो त्यांनी सकाळीच फोल्डरमध्ये टाकले होते. मी जळगावच्या ऑफिसात सर्व्हरसमोर बसलेलो, आणि माझ्याकडे 'वाऱ्याने पडलेल्या बागा' हे फोल्डर रिकामं. नाना म्हणत होते, "भाऊ, फोटो त मी टाकले. मला इथं दिसू राहिले ना!" दोन ठिकाणच्या संगणकांवरची फोल्डरं नेटवरून सारखी ठेवणारा आमचा प्रोग्राम, सिंकथिंग, दोन्हीकडे हिरव्या अक्षरांत 'अप टू डेट' सांगत होता.

हा प्रकार पहिल्यांदा होत नव्हता. दर पंधरा-वीस दिवसांनी काहीतरी 'गायब' व्हायचं, मग दोन दिवसांनी 'सापडायचं'. कधी 'शेतकऱ्यांची यादी', कधी 'बऱ्हाणपूर भाव', कधी 'ॲडव्हान्स उचल'. आम्ही नेटला दोष दिला, लाइट गेल्याला दिला, जुन्या राउटरला दिला. राउटर बदललासुद्धा. खरं कारण सापडायला फार वेळ गेला, आणि ते मराठीत फोल्डरची नावं लिहिणाऱ्या कोणाच्याही मशीनवर दडलेलं असू शकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आमची मांडणी. सावद्याला दोन विंडोज संगणक आणि काट्यावर एक लॅपटॉप. जळगावला लिनक्सचा एक जुना संगणक सर्व्हर म्हणून, त्यावर साम्बा, म्हणजे ऑफिसातले बाकीचे लोक विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून तेच फोल्डर उघडतात. सावदा आणि जळगाव यांच्यात सिंकथिंग. रोज रात्री सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट ठरावीक नावाच्या फोल्डरांतल्या फाइली आरसिंक या प्रती करणाऱ्या प्रोग्रामने बॅकअपच्या डिस्कवर नेते, आणि हिशेबाची एक्सेल फाइल त्याच नावांवरून काटा पावत्या उचलते. ही 'ठरावीक नावं' लक्षात ठेवा: नाव एका चिन्हानेही वेगळं असेल तर स्क्रिप्टला आणि एक्सेलला ते फोल्डर सापडत नाही.

त्या दिवशी मी वरचं एक फोल्डर उघडून परत बाहेर आलो तेव्हा दिसलं, की 'वाऱ्याने पडलेल्या बागा' एकाखाली एक दोनदा आहे. अक्षर न् अक्षर सारखं. वरचं रिकामं, खालच्यात नानांचे सगळे फोटो. विंडोज एका जागी एकाच नावाची दोन फोल्डरं कधीच ठेवू देत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. म्हणजे ही दोन नावं आपल्या डोळ्यांना एक आहेत, पण यंत्राला नाहीत.

तपासायची सर्वांत सोपी रीत मला लिनक्सवर नव्हे, एक्सेलमध्ये सापडली, आणि ती हिशेब लिहिणारं कोणीही करू शकतं. दोन्ही फोल्डरांवर शिफ्ट दाबून उजवं क्लिक करा, 'कॉपी ॲज पाथ' घ्या आणि एक्सेलच्या दोन खान्यांत चिकटवा. फक्त फोल्डरचं नाव ठेवून बाकी पुसा. शेजारी लेन हे लांबी मोजणारं फंक्शन लावा. 'शेतकऱ्यांची' या शब्दाची लांबी एका खान्यात ११ आली आणि दुसऱ्यात १२, तर चोर सापडला. आता पाचव्या अक्षरापाशी जाऊ. मिड फंक्शनने पाचवं चिन्ह काढा आणि त्यावर युनिकोड हे, चिन्हाचा ठरलेला क्रमांक सांगणारं, फंक्शन लावा. २३५३ आलं तर तो ऱ आहे. २३५२ आलं तर साधा र, आणि मग सहावं आणि सातवं चिन्हही बघा. सातवं ८२०५ असेल तर तिथे न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर' बसलाय. सहावं २३६४ असेल तर तो नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका.

याचं मूळ असं. 'शेतकऱ्यांची', 'वाऱ्याने', 'बऱ्हाणपूर' यांतला तो आडवा, पापणीसारखा र मराठीत रोजचा आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत अर्थाचा केवढा फरक पडतो ते आपण शाळेत शिकलो. संगणकात तो लिहायच्या दोन रीती चालतात. पहिली: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. मराठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून र ची कळ दाबली की हा ऱ उमटतो. दुसरी रीत: साधा र, हलंत, मग तो अदृश्य जॉइनर, मग य. ही जुनी पद्धत युनिकोडने सुसंगततेसाठी मान्य ठेवली आहे. दोन्ही बरोबर, दोन्ही पडद्यावर हुबेहूब एक. पण डिस्कवर पहिली 'ऱ्या' १२ बाइट घेते आणि दुसरी १५. विंडोजची डिस्क असो की लिनक्सची, नावं ताडताना ती चिन्हं मोजते, चेहरा बघत नाही.

आमच्याकडे नानांच्या मशीनवर इन्स्क्रिप्ट होतं. ऑफिसातल्या ताईंनी मात्र वर्षाच्या सुरुवातीला फोल्डरांचा कोरा साचा तयार केला होता, आणि त्यातली नावं जुन्या फॉन्टमधल्या रजिस्टरवरून युनिकोडात बदलून चिकटवलेली होती. त्या रूपांतरात प्रत्येक 'ऱ्या' जॉइनरवाली झाली. नवा आठवडा लागला की ताई साचा कॉपी करायच्या. नानांना एखादं फोल्डर दिसलं नाही, कारण सिंक व्हायचं बाकी असायचं, की ते स्वतः टाइप करून बनवायचे. दोन्ही फोल्डरं आपापल्या परीने खरी, आणि सिंकथिंगने दोन्ही इमानेइतबारे दोन्हीकडे पोचवली. त्याची काही चूक नव्हती.

सिंकथिंगमध्ये नावं आपोआप एकसारखी करायची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते, मग हे का झालं, असं वाचणाऱ्याला वाटेल. ती सोय युनिकोडने 'ही दोन रूपं एकच' असं ठरवून दिलेल्या सममूल्य जोड्यांपुरती आहे. ऱ आणि 'र अधिक नुक्ता' हे सममूल्य, म्हणून ती जोडी ती सोय सांभाळते. जॉइनरवाला र मात्र त्या यादीतच नाही. तसंच 'ॲ'चं. ते एक अखंड चिन्ह असू शकतं, किंवा अ वर चंद्र, किंवा मधे जॉइनर घालून अ वर चंद्र. 'ॲडव्हान्स' तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि कोणतीही दोन रूपं यंत्राला सममूल्य नाहीत. केळीच्या कांदेबाग हंगामाच्या लागवडीच्या वेळी उचल देताना आमच्याकडे 'ॲडव्हान्स उचल' नावाची तीन फोल्डरं झाली होती. तेव्हा आम्ही ती कोणीतरी चुकून कॉपी केलीत असं समजलो.

आणि तसं समजल्यामुळेच खरं नुकसान झालं. एकाने 'डबल आलंय' म्हणून एक फोल्डर उडवलं. सिंकमध्ये उडवणं हेही सगळीकडे पोचतं. त्यात एका आबांच्या तीन गाड्यांच्या काटा पावत्या होत्या. आबा पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या पैशांच्या हिशेबासाठी, तीनदा येऊन गेले, भर उन्हात, आणि आम्ही त्यांना 'पावती दिसत नाही' सांगत राहिलो. पावत्यांची कागदी प्रत होती म्हणून पैसे निघाले. माणसाने वर्षभर जपलेल्या घडांचा हिशेब आपल्या एका अदृश्य चिन्हापायी अडावा, हे मला अजून टोचतं. म्हणून ठळकपणे सांगतो: सारख्या नावाची दोन फोल्डरं दिसली तर एकही उडवू नका. आधी दोन्ही उघडून बघा.

दुरुस्तीला लागण्यापूर्वी सर्व्हरवर सिंकथिंगमध्ये त्या फोल्डरचं 'फाइल व्हर्जनिंग', म्हणजे जुन्या प्रती जपायची सोय, चालू करा. आम्ही त्यातला 'स्टॅगर्ड' हा प्रकार ठेवलाय. एक बारकावा आहे: ही सोय फक्त दुसऱ्या मशीनवरून आलेले बदल आणि उडवणुकी जपते. सर्व्हरवर बसून तुम्हीच काही उडवलं तर ते तिथल्या व्हर्जनांत जात नाही. तेव्हा सर्व्हरवर हात घालण्यापूर्वी पूर्ण फोल्डरची वेगळी प्रत करून घ्या.

मग सगळी मशीन चालू करून प्रत्येकावर 'अप टू डेट' येईपर्यंत थांबा. ही पायरी आम्ही पहिल्यांदा गाळली आणि दोन दिवसांत घोळ परत आला. झालं असं, की मी सर्व्हरवर फोल्डरं एकत्र केली तेव्हा काट्यावरचा लॅपटॉप लाइट नसल्याने बंद होता, आणि त्यावर जुन्या नावाच्या फोल्डरात नव्या नोंदी होत्या. तो चालू झाल्यावर सिंकथिंगला एकीकडे 'उडवलेली' फाइल आणि दुसरीकडे 'बदललेली' फाइल दिसली. अशा वेळी बदललेली जिंकते, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यासोबत जुन्या नावाचं फोल्डरही पुन्हा उभं राहिलं. प्रश्न 'वारंवार' येतो तो बहुतेक या वाटेने.

सगळे जुळले की कामाच्या वेळेनंतर एकाच मशीनवर बसा, बाकीच्यांना त्या फोल्डरला हात लावू देऊ नका. कोणतं रूप ठेवायचं ते ठरवा. मी ऱ वालं स्वतंत्र अक्षर निवडलं, कारण ते लहान आहे आणि इन्स्क्रिप्टवर थेट येतं. दुसऱ्या फोल्डरातल्या फाइली त्यात हलवा. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर तारीख आणि आकार बघून दोन्ही ठेवा, नंतर उघडून ठरवा. रिकामं झालेलं फोल्डर उडवा. सिंकथिंग हलवलेल्या फाइली पुन्हा नेटवरून ओढत नाही, आपल्याकडे आधीच असलेले तुकडे वापरतं, त्यामुळे मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या केंद्रालाही हे जड जात नाही.

मूळ बंद करायला मात्र साचाच दुरुस्त करावा लागतो. ताईंच्या साच्यातली नावं मी बदलून दिली, आणि नियम केला की आठवड्याचं फोल्डर फक्त साच्यातून निघेल, टाइप होणार नाही. नियम माणसं विसरतात, म्हणून सर्व्हरवर रात्रीची एक छोटी पायथन स्क्रिप्टही आहे. नावात 'र, हलंत, जॉइनर' असा क्रम दिसला तर तिथे 'ऱ, हलंत' ठेवायचं. 'अ' नंतर चंद्र किंवा 'अ, जॉइनर, चंद्र' दिसलं तर अखंड 'ॲ'. तीत तीन गोष्टी सांभाळा. फोल्डरांतून आतून बाहेर या, नाहीतर वरचं नाव आधी बदलल्याने आतले पत्ते चुकतात. नव्या नावाचं काही आधीच असेल तर स्क्रिप्टने काहीही करू नये, फक्त एका यादीत लिहून ठेवावं; सकाळी माणसाने बघावं. आणि जॉइनर सरसकट पुसू नका. मराठीत तो इतर ठिकाणी मुद्दाम घातलेला असतो, अर्धं अक्षर जसं हवं तसं दिसावं म्हणून.

'फाइलींना इंग्रजीत नावं द्या, कटकट मिटेल' असा सल्ला मला एका जाणकाराने दिला. मला तो मान्य नाही. नाना चाळीस वर्षं मराठीत वही लिहितात. त्यांच्यासाठी 'मृगबाग काटा पावत्या' (मृगात लावलेल्या केळीच्या वजनाच्या पावत्या) हे नाव म्हणजेच माहिती. एका अक्षराची गोष्ट समजून घेतली की मराठी नावं पूर्ण विश्वासाने वापरता येतात. हवं तर एवढं करा: सगळ्यांत वरच्या फोल्डरांना ऱ्या आणि ॲ टाळून नावं द्या. 'शेतकऱ्यांची यादी'ऐवजी 'शेतकरी यादी'. अर्थ तोच, आणि टाइप करायलाही सोपं.

मराठी नावांचा दुसरा एक अडसर आहे, त्यात 'अप टू डेट' येत नाही, 'आउट ऑफ सिंक' येऊन एखादी फाइल 'फेल्ड आयटम्स'मध्ये अडकते. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे उणीपुरी ८५ चिन्हं. 'शेतकऱ्यांची' एवढ्या एका शब्दाला ३३ बाइट. विंडोजवर मर्यादा २५५ चिन्हांची आहे, बाइटांची नाही, म्हणून तिथे लांबलचक नाव आरामात बसतं आणि सर्व्हरवर 'फाइल नेम टू लाँग' म्हणून अडतं. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, गट नंबर, वाण, तारीख असं सगळं फाइलच्या नावात भरायची सवय आमच्याकडे होती. आता नावात खाते क्रमांक आणि तारीख, बाकी फाइलच्या आत.

फोल्डर दिसतं पण उघडत नाही, किंवा उघडतं पण सेव्ह होत नाही, तर नावाच्या मागे लागू नका, तो परवानगीचा प्रश्न. आमच्या सर्व्हरवर सिंकथिंग एका वापरकर्त्याच्या नावाने चालतं आणि साम्बातून लोक दुसऱ्या नावांनी येतात. एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, आणि सिंकथिंग 'परमिशन डिनाइड' लिहितं. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घाला, साम्बाच्या सेटिंगमध्ये 'फोर्स ग्रुप' त्या ग्रुपचं, 'क्रिएट मास्क' ०६६४ आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७५ ठेवा, सिंकथिंगचा 'यूमास्क' ००२ करा. जुन्या फोल्डरांच्या परवानग्या एकदा हाताने दुरुस्त कराव्या लागतात. सगळ्यांना सगळं उघडं करणारा ७७७ देऊ नका, हिशेबाच्या फोल्डरावर तर नाहीच.

विंडोज वारंवार पासवर्ड मागतं आणि नाकारतं, तेव्हा दोनच गोष्टी बघा. माणूस लॉगिनचा चार आकडी पिन टाकतोय का. शेअरला, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरला, पिन चालत नाही, सर्व्हरवरचा पासवर्ड लागतो. आणि 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना पासवर्ड साठून राहिलाय का. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणकावर बिनपासवर्डाचा पाहुणा प्रवेश चालत नाही, तेव्हा अपडेटनंतर अचानक बंद पडलेला शेअर बहुधा त्यामुळेच. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड देणं हाच उपाय. आणि साम्बा थेट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका; बाहेरून हवाच असेल तर व्हीपीएन या सुरक्षित खासगी वाटेतून.

'फोल्डर मार्कर मिसिंग' आलं तर घाई नको. सिंकथिंग प्रत्येक फोल्डरात एक लपलेलं छोटं फोल्डर ठेवतं. ते दिसेनासं झालं की काम थांबवतं. कोणी साफसफाईत ते उडवलं असेल तर परत बनवता येतं. पण बाहेरची डिस्क जोडली गेली नसेल तरी हाच निरोप येतो. तेव्हा रिकाम्या जागी मार्कर बनवलात, तर सगळ्या फाइली उडवल्या गेल्या असं समजून तो निरोप सगळ्या मशीनवर जाईल. आधी डिस्क जोडलेली आहे का, आत फाइली दिसतात का, ते बघा.

'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाच्या फाइली एकाच मशीनमुळे सारख्या येत असतील तर त्याचं घड्याळ बघा. दोघांनी एकाच वेळी बदललेल्या फाइलीत जिची वेळ जुनी, तिला कॉन्फ्लिक्टचं नाव मिळतं. काट्यावरच्या लॅपटॉपच्या आतला छोटा सेल संपला होता. लाइट आणि बॅटरी दोन्ही गेली की त्याची तारीख काही वर्षं मागे जायची, आणि नानांचं ताजं काम दरवेळी 'जुनं' ठरायचं. सेल बदलला, आणि तारीख इंटरनेटवरून आपोआप जुळवून घ्यायची सेटिंग चालू केली. एक्सेल उघडी असताना बनणाऱ्या, ~$ ने सुरू होणाऱ्या फाइलीही सिंकथिंगच्या दुर्लक्षाच्या यादीत टाका. त्या पोचवण्यात काही अर्थ नाही, नुसता गोंधळ वाढतो.

राहिला मॅकचा विषय. आमच्या सीएंकडे मॅक आहे आणि त्यांच्या जुन्या डिस्कवर एचएफएस प्लस ही मॅकची फाइली ठेवायची जुनी पद्धत आहे. ती नाव लिहितानाच ऱ फोडून र आणि नुक्ता अशी ठेवते. सिंकथिंगमधून आलं तर अडचण नाही. पण त्यांनी आरसिंकने थेट आमच्या सर्व्हरवर फाइली पाठवल्या, की सगळ्या 'ऱ्या' असलेल्या फाइली नव्या समजून दुसऱ्यांदा यायच्या. मॅकवरच्या आरसिंकला 'आयकॉन्व्ह' हा पर्याय देऊन, मॅकचं यूटीएफ-८ इकडून आणि साधं यूटीएफ-८ तिकडून असं सांगितलं, की ते जुळतं. त्यासाठी आरसिंकची ३ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, आणि पहिल्यांदा चालवताना 'ड्राय रन' (काही न पाठवता नुसती यादी दाखवणं) लावून यादीत 'शेतकऱ्यांची यादी' पुन्हा पाठवायला निघाली आहे का, ते बघूनच खरं चालवा.